स्लायडरखालची गावं

काल्पनिक जगाचा नकाशा काँप्युटरवर कसा काढायचा, हे शिकवणारे व्हिडिओ बऱ्याचदा एकाच जादूने सुरू होतात. फोटोशॉप असो नाहीतर फुकट मिळणारं गिम्प, आधी कोरा कॅनव्हास उघडायचा. त्यावर ढगांसारखा काळा-पांढरा नॉइज भरायचा. मग ‘थ्रेशोल्ड’ नावाचं फिल्टर लावायचं. समोर एक स्लायडर येतो. तो सरकवला की करड्या धुरातून एकदम किनारा उमटतो. पांढरी ती जमीन, काळा तो समुद्र. आखातं, भूशिरं, बेटांची माळ, सगळं आपोआप. दहा मिनिटांत तुमच्या नावावर एक अख्खा खंड.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी रात्री दोन वाजेपर्यंत नुसता तो स्लायडर मागेपुढे करत बसले होते. नंतर त्यावर डोंगर आले, जंगलं आली, जुन्या कागदाचा पोत आला, कोपऱ्यात होकायंत्र आलं. दोन वर्षांत असे चौदा खंड लॅपटॉपवर जमले. ज्या कादंबरीसाठी हा खटाटोप सुरू केला होता, तिचं पहिलं प्रकरणही झालं नाही.

यात आळस आहेच. पण निव्वळ आळशी माणूस चौदा नकाशे काढत नाही. म्हणून मी ज्यातून शिकले त्या शिकवण्याकडेच पुन्हा बघायचं ठरवलं. हे व्हिडिओ आणि ही सॉफ्टवेअरं आपल्याला नेमकं काय शिकवतात? आणि काय शिकवायचं राहून जातं?

*

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

लेयर ही गोष्ट एकदा हाताला लागली की नकाशाकडे बघायची नजर बदलते. समुद्र एका लेयरवर, जमीन दुसऱ्या, नद्या, रस्ते, सीमा, नावं प्रत्येकी वेगळ्या. एक लपवला तरी बाकीचे जागच्या जागी. मास्क वापरला की काही पुसावं लागत नाही, झाकलं तरी भागतं. क्रिटासारखं पूर्ण सॉफ्टवेअर फुकट आहे. आयबिस पेंटसारख्या ॲपमध्ये लेयरचा हा सगळा कारभार फोनवर, बोटाने करता येतो. पूर्वी यासाठी टाक, शाई आणि न थरथरणारा हात लागायचा. आता बसमध्ये उभं राहून डोंगररांग काढता येते. ज्याची चित्रकलेची वही शाळेत कधी कुणी उचलून धरली नाही, त्यालाही देखणा नकाशा जमतो. याला नावं ठेवायचं काही कारण नाही.

पण असे पन्नास देखणे नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघा. पिवळट, डाग पडलेला कागद. डावीकडून उजेड आणि उजव्या उतारावर सावली असलेले बुटके डोंगर. समुद्रात एखादा नाग. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट, मधे हिरवी राज्यं. नावं पुसली तर कुठला नकाशा कुणाचा, हे काढणाऱ्यालाही ओळखता येणार नाही.

हे रूप आलं कुठून? त्याचा मोठा वाटा जे. आर. आर. टोल्किन यांच्या पुस्तकांचा. ‘द हॉबिट’मधले (1937) नकाशे त्यांनी स्वतः काढले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे (1954–55) नकाशे वडिलांच्या कच्च्या कामावरून मुलाने, ख्रिस्तोफर टोल्किनने, काढले. ते पुस्तकात छापायचे होते. रंग मोजके, काळा आणि लाल. त्यामुळे डोंगर, झाडं, दलदल सगळं रेघांतच दाखवणं भाग होतं. म्हणजे आज जी ‘फॅन्टसी स्टाइल’ म्हणून शिकवली जाते, तिच्यातलं बरंचसं छापखान्याच्या गरजेतून आलं आहे. बाकीचं आलं युरोपातल्या जुन्या नकाशांमधून. शे-दोनशे वर्षांहून जुन्या नकाशांवरचे डोंगर आणि झाडं कापून त्यांचे तयार ब्रश बनवलेले मिळतात, बरेच फुकट. एकदा बोट टेकवलं की एक डोंगर. रेघ ओढली की आख्खी रांग.

इथेच पहिला घोळ होतो. ब्रशमुळे डोंगर काढणं इतकं स्वस्त होतं, की तो डोंगर तिथे का आहे हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. नकाशा म्हणजे एक सुंदर चित्र, अशी समजूत हे शिकवणं न बोलता करून देतं. खरं तर नकाशा हा निर्णयांचा कागद असतो. पाणी कुणाकडे, वाट कुठून, सीमा कुणी आखली, कुणाचं गाव ठळक आणि कुणाचं नुसता ठिपका. सॉफ्टवेअर हे निर्णय आपल्या वतीने घेऊन टाकतं, आणि आपण घेतले असं आपल्याला वाटत राहतं.

*

निर्णय कसे दिसतात, हे बघायला स्टीव्हन्सनकडे जावं लागतं.

1881 च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला राहत होता. पाऊस, सर्दी, घरात अडकलेली माणसं. सावत्र मुलगा लॉइडबरोबर वेळ घालवताना त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या नकाशाकडे बघता बघता त्याला झाडीतून माणसं हलताना दिसू लागली, आणि प्रकरणांची यादी तयार झाली. ती कादंबरी म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’. पुढे पुस्तक निघायच्या वेळी हा मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवला, आणि तो वाटेत कुठेतरी हरवला.

मग स्टीव्हन्सनला उलटं काम करावं लागलं. स्वतःचीच कादंबरी पुन्हा वाचून, त्यातला प्रत्येक उल्लेख टिपून, त्यावर नकाशा बेतावा लागला. तो नीट काढला गेला, वडिलांच्या कचेरीत त्यावर देवमासे आणि जहाजंही आली. पण हा नकाशा आपल्याला कधीच खरा ट्रेझर आयलंड वाटला नाही, असं त्याने नंतर लिहून ठेवलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुसरा नकाशा बहुधा पहिल्यापेक्षा अचूक असेल, सफाईदारही असेल. पण पहिल्या नकाशाने कथा घडवली होती, दुसऱ्याने तिची नोंद केली. एका नकाशात अजून काहीही घडू शकत होतं. दुसऱ्यात सगळं घडून गेलेलं होतं.

टोल्किन यांनीही नकाशापासून सुरुवात करून कथा त्यावर बसवली, असं पत्रात सांगितलं आहे. त्यांचा कामाचा नकाशा देखणा नव्हता. कथा पुढे सरकली की कागदाला कागद चिकटवून तो वाढवला जाई, आधीच्या भागावर नवा तुकडा डकवला जाई. पात्रं रोज किती चालली, त्या रात्री चंद्राची कला कुठली, याचा हिशोब ते ठेवत. अर्सुला ले ग्विनने ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) लिहिण्याआधी बेटांचा नकाशा काढला आणि मग त्या बेटांवर काय आहे हे शोधायला ती कथेतून गेली. तिघांच्याही बाबतीत नकाशा हे लिहिण्याचं हत्यार होतं. आपले व्हिडिओ मात्र थेट शेवटच्या पॉलिशवर येतात. ज्या कागदावर चिकटवाचिकटवी झालीच नाही, त्याला आपण वापरून जुना झाल्यासारखा पोत देतो. माझे चौदाही नकाशे शंभर वर्षं वापरल्यासारखे दिसतात. एकही पाच मिनिटं वापरलेला नाही.

*

नाही म्हणायला थोडा भूगोलही शिकवला जातो. नद्यांचे नियम तर पाठच होतात. नदी वरून खाली वाहते. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. नदी सगळ्यात सोप्या वाटेने समुद्र गाठते. नवशिक्याच्या नकाशात यातलं काही चुकलं की जाणकार लगेच बोट ठेवतात.

नियम बरोबर आहेत. आता त्यांच्यासमोर गोदावरी ठेवा. ती त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटर. ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. शेवटी राजमहेंद्रीच्या खाली ती फुटतेही, गौतमी आणि वसिष्ठा अशा शाखांत. एखाद्या नवशिक्याने हे काढलं असतं तर त्याला दोनदा सुनावलं गेलं असतं. पण गोदावरीने एकही नियम मोडलेला नाही. पठार पूर्वेकडे कललेलं आहे आणि पश्चिमेची कड उंच उभी आहे, त्यामुळे सोपी वाट हीच लांबची वाट आहे. मुखाशी, सपाट त्रिभुज प्रदेशात, नद्या फुटतातच. नियम पाठ करून हे सुचत नाही. जमीन कशी कललेली आहे हे आधी ठरवावं लागतं, नदी मग आपली आपण जाते.

पावसाचं तसंच. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, माण तालुक्यात तो 500 च्या आसपास येतो. जगभराच्या नकाशावर हे अंतर नखाएवढं. पण एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला मेंढरं घेऊन चाऱ्यामागे वणवणणारी माणसं, इतका फरक त्या नखाएवढ्या जागेत आहे. त्यात किती कथा आहेत ते तुम्हीच मोजा. अझगारच्या फॅन्टसी मॅप जनरेटरमध्ये वाऱ्याची दिशा बाणांनी बदलता येते आणि त्यानुसार पाऊस, जंगल, वाळवंट बदलतं. फुकटच्या साधनात एवढं मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पण वर्षातून दोनदा उलटणारा वारा त्या बाणांत बसत नाही. मोसमी पावसाची वाट बघणारं जग त्या जनरेटरमधून आपोआप निघणार नाही, ते आपल्यालाच आणावं लागेल.

2016 मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने टोल्किन यांच्या हातच्या टिपा असलेला एक नकाशा विकत घेतला. चित्रकार पॉलिन बेन्सला मदत व्हावी म्हणून त्यांनी त्यावर हवामानाचा अंदाज यावा अशा खुणा केल्या होत्या. त्यात एक टीप अशी आहे, की हॉबिटन हे ऑक्सफर्डच्याच अक्षांशावर धरावं. म्हणजे त्यांनी आपलं घर धरून जग बांधलं. आपण त्यांचं घर धरून आपलं जग बांधतो. माझ्या पहिल्या तेरा नकाशांत उत्तरेला बर्फ होतं. बर्फ मी आयुष्यात फक्त फ्रीजमध्ये पाहिलं आहे.

*

मग नावांचा लेयर.

इंग्रजी नकाशात मोठ्या प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब पसरून, रांगेच्या वळणाने लिहितात. तसं करायला मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि शिरोरेघेचे तुकडे झाले. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरं सुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसायची. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, कारण तिथे देवनागरी कुणाच्या मनातच नव्हती. उत्तर सापडलं ते शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाच्या आठवणीत: ‘अ र बी  स मु द्र’. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येकाची आपली छोटी रेघ. एकेक अक्षर वेगळं टाइप करून, हाताने वळवून बसवायचं. वेळ लागतो. पण वेळ लागला की नावाचा विचारही होतो.

नावांचे जनरेटर कानाला गोड वाटणारी नावं डझनाने देतात. ती नुसता आवाज असतात. आपल्या जिल्ह्याचा कुठलाही नकाशा उघडून बघा. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव: कुणीतरी झाड बघून थांबलं होतं. एकाच नावापुढे खुर्द आणि बुद्रुक: एका गावाची दोन झाली, एक धाकटं, एक थोरलं, आणि हे सांगणारे दोन्ही शब्द फारसीतून आले. म्हणजे गावाच्या नावातच वाटणी आहे आणि त्या काळी दफ्तर कुठल्या भाषेत चालायचं हेही आहे. काल्पनिक जगात एकाच नावाची खुर्द-बुद्रुक अशी दोन गावं ठेवली, तर त्यांचं भांडण आपसूक सुरू होतं. जनरेटरच्या दोन गोड नावांना एकमेकांशी भांडायला काही कारणच नसतं.

अंतराचंही असंच. नकाशाच्या कोपऱ्यातली स्केलची पट्टी आपण नक्षी म्हणून काढतो. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि तिला अडीच-तीन आठवडे लागतात. मुक्काम ठरलेले, त्या गावांची वर्षभराची तयारी त्या एका रात्रीसाठी. माणसांची गर्दी पायी किती वेगाने जाते, याचं एवढं चांगलं माप आपल्या घराशेजारी असताना काल्पनिक सैन्यं आपण एका रात्रीत अर्धा खंड पळवतो.

*

आता पुन्हा त्या स्लायडरकडे येते, कारण मला खरी अडचण तिथेच वाटते.

चौदावा नकाशा करताना बराच पुढे गेल्यावर मला किनारा आवडेना. गावं बसवून झाली होती, सुमारे चाळीस नावं लिहून झाली होती. मी नॉइजच्या लेयरवर परत गेले आणि समुद्राची पातळी थोडी वाढवली. आखात सुंदर झालं. सात गावं पाण्यात गेली. मी त्यांचे लेयर डिलीट केले आणि पुढे लागले. काहीच वाटलं नाही.

त्यानंतर महिनाभराने भिगवणला जाणं झालं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला. 1980 मध्ये भीमेवर हे धरण पूर्ण झालं. पाण्याखाली गावं गेली, माणसं दुसरीकडे वसवली गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ त्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मग हळूहळू देऊळ वर येतं. लोक ते बघायला जातात. कुणी फोटो काढायला, कुणी आपलं गाव बघायला.

नकाशावर उजनी हा एक छान निळा आकार आहे. तो निळा रंग म्हणजे एक निर्णय होता, आणि त्याला दोन्ही बाजू होत्या: कुणाच्या तरी उसाला पाणी मिळालं, कुणाचं तरी अंगण गेलं. काल्पनिक नकाशा काढणाऱ्याला आयता मिळेल असा याहून मोठा धडा मला तरी माहीत नाही. स्लायडर सरकवणं चूक नाही. सरकवून झाल्यावर काहीच न वाटणं, ही कथा लिहिणाऱ्यासाठी धोक्याची खूण आहे. ज्या जगात सात गावं बुडाली तरी एकही माणूस ओरडत नाही, त्या जगात अजून माणसंच राहायला आलेली नाहीत.

*

यावर कुणी म्हणेल, मग नकाशा हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’मधल्या (1975) दोन दीर्घ कथा ज्या भूमीवर घडतात, तिचा नकाशा कुणी पुस्तकाला जोडला असता तर मला तो बघवला नसता. ती भूमी आपल्याला पात्राच्या पावलांपुरतीच दिसते, आणि तिथे तेवढीच दिसायला हवी. प्रत्येक अद्भुत कथेला पहिल्या पानावर नकाशा पाहिजे, हा संकेतही आपण तयार ब्रशसारखाच उचललेला आहे.

आणि नकाशा हवाच असेल, तर त्याला एकच रूप नाही. पुराणांतलं जग बघा: मध्ये मेरू, भोवती जंबूद्वीप, मग खारा समुद्र, मग पुन्हा द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, अशी वर्तुळात वर्तुळं. जैन परंपरेत अशा वर्तुळाकार विश्वाचे कापडावर रंगवलेले मोठे पट आहेत. क्रिटामध्ये एलिप्स टूल घेतलं तर त्याचा आराखडा पाच मिनिटांत उभा राहतो. तिथे किनारा वेडावाकडा असायची गरज नाही, कारण तो नकाशा रस्ता दाखवायला काढलेलाच नाही. माणूस विश्वात कुठे आहे, हे तो सांगतो. असा नकाशा घेऊन आज एखादी कथा लिहिली, तर तिच्यातले प्रवास कसे असतील? मला वाचायला आवडेल.

माझा पंधरावा नकाशा सध्या फोनवर आहे. त्यात नॉइज नाही, कागदाचा पोत नाही. एक टेकाड, पूर्वेकडे कललेली जमीन, एक ओढा, एकाच नावाची दोन गावं आणि मधे एक विहीर, इतकंच. एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचायला एक बाई किती वेळ घेईल, डोक्यावर हंडा असताना आणि नसताना, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. दिसायला नकाशा गबाळा आहे. तळाशी एक बंद केलेला लेयर आहे, त्यावर ओढ्याच्या पलीकडचं तिसरं गाव आहे. ते आता तिथे नाही. का नाही, हे थोरल्या गावाला माहीत आहे आणि धाकट्याला विचारायचं आहे.

पहिलं प्रकरण तिथून सुरू केलं आहे.